आमचं मँगनीज-क्रोमियम ऑक्सलेट: पावडर छान जमली, पण चुंबकत्व कमी का भरतंय?

गोदाकाठची | ११ जानेवारी, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. मी नाशिकला एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय इनऑरगॅनिक. प्रोजेक्टसाठी दोन धातूंचं थरांचं संयुग निवडलंय: टेट्राब्युटिलअमोनियम मँगनीज क्रोमियम ऑक्सलेट. जपानमध्ये तामाकी, ओकावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली ही मालिका प्रसिद्ध केली. एका जागी तीन-भाराचा क्रोमियम, शेजारच्या जागी दोन-भाराचा मँगनीज, आणि दोघांमध्ये ऑक्सलेटचा पूल. प्रत्येक धातूला असे तीन पूल, त्यामुळे मधाच्या पोळ्यासारखी षटकोनी जाळी पसरते. जाळीवर ऋणभार असतो, म्हणून दोन थरांच्या मध्ये ते मोठे अमोनियम आयन बसतात.

आधी क्रोमियमचं कॉम्प्लेक्स केलं. ऑक्झॅलिक आम्ल आणि पोटॅशियम ऑक्सलेटच्या द्रावणात डायक्रोमेट चिमूट-चिमूट टाकत गेले. काय फसफसतं ते! नारिंगी रंग बघता बघता काळपट झाला. थोडं अल्कोहोल घालून रात्रभर ठेवलं, तर सकाळी तळाशी काळेभोर खडे. एक खडा खिडकीच्या उजेडासमोर धरला तेव्हा कडेने निळा दिसला. मी तो बराच वेळ नुसता बघत बसले होते.

मग त्यातले २.४४ ग्रॅम आणि मँगनीज क्लोराइड ०.९९ ग्रॅम पाण्यात एकत्र केले (दोन्ही ५ मिलिमोल). त्यात टेट्राब्युटिलअमोनियम ब्रोमाइडचं द्रावण थेंबाथेंबाने सोडलं. लगेच फिकट जांभळा साका. गाळून पाण्याने, मग मेथॅनॉलने धुतला, वाळवला. २.४ ग्रॅम मिळाला, म्हणजे हिशोबाच्या ७८ टक्के.

अडलंय ते पुढे. आमच्याकडे गूय बॅलन्स आहे, म्हणजे पावडरीला चुंबकाची ओढ किती लागते ते वजनात मोजणारा तराजू. पाऱ्या-कोबाल्टच्या थायोसायनेटवर कॅलिब्रेट केला (ग्रॅममागची चुंबकीय ग्राह्यता १६.४४, सगळे आकडे दहाच्या उणे सहाव्या घातात, सीजीएस). माझ्या नमुन्याचं उत्तर आलं २३.४. रेणुभार ६१३.५ धरून, डायमॅग्नेटिक दुरुस्ती (जोडीतल्या इलेक्ट्रॉनांच्या उलट्या परिणामाची) साधारण ३०० धरून, २९६ केल्विनला परिणामी मोमेंट (रेणूमागचं चुंबकत्व) ५.९ बोर मॅग्नेटॉन. हिशोबाने यायला हवा ७.०७ (मँगनीजचा ५.९२, क्रोमियमचा ३.८७, दोघांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ). तीनदा मोजलं, तीनही वेळा तेच.

आणि ५.९ म्हणजे नेमका एकट्या मँगनीजचा आकडा! मग माझा क्रोमियम गेला कुठे?

---

सातपूर_क्यूसी | ११ जानेवारी, रात्री ११:३५

ताई, मी कारखान्यात क्यूसीला आहे, चुंबकाचं फारसं कळत नाही. पण आकडा नेमका मँगनीजचा येत असेल तर साधी शंका घ्या: तुमचं मँगनीज ऑक्सलेटच खाली बसलं असेल. ऑक्सलेट आणि दोन-भाराचा धातू एकत्र आले की साका पडतोच, आमचा रोजचा अनुभव.

---

शंकेखोर | १२ जानेवारी, सकाळी ७:२०

किंवा मँगनीज आणि क्रोमियमचे स्पिन (एकट्या इलेक्ट्रॉनांचे छोटे चुंबक) एकमेकांच्या विरुद्ध बसले असतील. मँगनीजच्या पाचातून क्रोमियमचे तीन गेले, दोन उरले. मग मोमेंट कमी भरणारच. छापलेले निष्कर्ष तुमच्या नमुन्याला लागू पडतीलच असं कशावरून?

---

डीबी_पुणे | १२ जानेवारी, दुपारी १:१५

छान धागा. मी पुण्यात याच्या जवळच्याच विषयावर पीएचडी करतोय, म्हणून दोन्ही शंकांना सविस्तर उत्तर देतो.

आधी मँगनीज ऑक्सलेट. ते पांढरं असतं, फार तर गुलाबी झाक. या साक्याचा रंग जांभळा आहे आणि धुऊनही टिकलाय, म्हणजे क्रोमियम त्यात आहे. पण रंगावर विसंबू नका, ग्रॅमचा आकडा बघा. मँगनीज ऑक्सलेटच्या डायहायड्रेटचा रेणुभार १७९. इतक्या हलक्या रेणूमागे अख्खा मँगनीज, त्यामुळे खोलीच्या तापमानाला त्याचा ग्रॅममागचा आकडा ८० च्या वर जातो. तुमच्या संयुगाचा यायला हवा ३३-३४. म्हणजे मँगनीज ऑक्सलेटची भेसळ झाली असती तर आकडा *वाढला* असता. ५.९ ही जुळणी रेणुभार ६१३ धरल्यामुळे दिसते, ती नुसता योगायोग आहे.

आता विरुद्ध स्पिन. शंका चांगली आहे, पण तापमान विसरलात. ऑक्सलेटच्या पुलावरून होणारी या दोन धातूंच्या स्पिनांची देवाणघेवाण (कपलिंग) अगदी कमजोर असते, काही थोडे वेव्हनंबर (ऊर्जा मोजायचं एकक). २९६ केल्विनला उष्णतेची ऊर्जा २०० वेव्हनंबरच्या पुढे. एवढ्या धुमाकुळात शेजारचा स्पिन कुठे बघतोय याचं कुणाला सोयरसुतक नसतं. फेरो (समांतर स्पिन) असो, अँटिफेरो (विरुद्ध) असो, खोलीच्या तापमानाला दोन धातू जवळपास सुटे असल्यासारखेच मोजले जातात. काय-टी (रेणूमागची ग्राह्यता गुणिले तापमान) ६.२५ च्या आसपास यायला हवा, आणि तुमचा ४.३ आलाय. तीस टक्के गायब. कपलिंग एवढं खाऊ शकत नाही.

राहिल्या तीन शक्यता: नमुना ओला आहे, चुंबकत्व नसलेली भेसळ आहे (ब्रोमाइड नीट धुतलं गेलं नाही), किंवा मोजमापात चूक. आयआर (इन्फ्रारेड वर्णपट) काढलाय का? क्रोमियमच्या सुट्या कॉम्प्लेक्समध्ये ऑक्सलेटचं एक टोक मोकळं असतं, म्हणून १७०० च्या आसपास आणि १२६० जवळ पट्टे दिसतात. दोन्ही टोकं धातूंना बांधली गेली की ते जातात आणि १६४० जवळ एक रुंद पट्टा राहतो.

---

बागाईतदार_पिंपळगाव | १२ जानेवारी, रात्री ९:००

मी बीएस्सी केमिस्ट्री, पण वीस वर्षं द्राक्षबागेत आहे. सध्या मण्यांत पाणी उतरतंय आणि थंडीने झोप उडवलीय, रात्री बागेत शेकोट्या पेटवून बसतोय. तिथेच मोबाईलवर हा धागा वाचला. कॉलेजात पोटॅशियम फेरीऑक्सलेटचे हिरवेगार स्फटिक केले होते, ते डोळ्यांसमोर आले.

प्रश्न: आमच्याकडे बोर्डोसाठी मोरचूद पोत्याने असतं. हिराकसही मिळतं. मँगनीजऐवजी तांबं किंवा लोखंड घालून हेच संयुग होतं का?

---

डीबी_पुणे | १२ जानेवारी, रात्री ९:४०

दादा, होतं! ही सगळी मालिकाच आहे. क्रोमियम तोच ठेवायचा, जोडीदार बदलायचा. ज्या तापमानाखाली सगळे स्पिन एका दिशेला लागतात ते असं: मँगनीज ६ केल्विन, तांबं ७, कोबाल्ट १०, लोखंड १२ आणि निकेल १४. पाचही फेरोमॅग्नेट.

मला यात सगळ्यात सुंदर वाटतं ते निकेल. त्याच्याकडे जोडी नसलेले इलेक्ट्रॉन फक्त दोन, मँगनीजकडे पाच. मग निकेल पुढे कसं? कारण क्रोमियमचे तीन एकटे इलेक्ट्रॉन टी-टू-जी कक्षांत आहेत आणि निकेलचे दोन ई-जी कक्षांत (हे धातूच्या डी-कक्षांचे दोन गट). या कक्षा एकमेकींना काटकोनात, एकीचा दुसरीवर पदर पडत नाही. पदर न पडता शेजारी असले की इलेक्ट्रॉन समांतर राहणं पसंत करतात. मँगनीजकडे ई-जीबरोबर टी-टू-जीमध्येही एकटे इलेक्ट्रॉन आहेत, ते क्रोमियमच्या टी-टू-जीशी पदर जुळवतात आणि उलट ओढ लावतात. समांतर करणारी ओढ जिंकते, पण थोडक्यात. म्हणून ६ वर अडकतं.

बाजारातलं मोरचूद मात्र थेट वापरू नका, त्यात लोखंड असतं. दोनदा स्फटिकीकरण करून घ्या. आणि हिराकस हवेत तांबूस पडलेलं असेल तर त्यात तीन-भाराचं लोखंड झालंय, ते नकोच.

---

गोदाकाठची | १३ जानेवारी, सकाळी ८:०५

सगळ्यांचे आभार. पुण्याच्या दादा, आयआर शुक्रवारीच काढला होता, पण काय बघायचं ते कळत नव्हतं. आता बघितला: १७०० जवळ काही नाही, १२६० जवळ काही नाही, १६४० ला रुंद पट्टा. पाण्याचा ३४०० चा पट्टासुद्धा नाममात्र. म्हणजे ओला नाही, पूलही जुळलेत. ब्रोमाइडसाठी धुतलेल्या शेवटच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेट घातलं, काहीच गढूळ झालं नाही.

म्हणजे नमुना बरोबर आणि आकडा चूक? नमुना काढून नळी पुन्हा भरली, पुन्हा ५.९.

---

जुना_डेमॉन्स्ट्रेटर | १३ जानेवारी, रात्री ८:३०

पोरी, मी नाशिकलाच बत्तीस वर्षं प्रयोगशाळेत काढली, आता निवृत्त आहे. गूय बॅलन्सवर किती बॅचेस बसवल्या, मोजदाद नाही. एकच विचारतो. नळीत पावडर किती उंचीपर्यंत भरलीस? आणि कॅलिब्रेशनची पावडर किती उंचीपर्यंत भरली होतीस?

---

गोदाकाठची | १३ जानेवारी, रात्री ८:५५

काका, माझा नमुना नळीच्या वरच्या खुणेपर्यंत, १० सेंटीमीटर. कॅलिब्रेशनची पावडर बाटलीत थोडीच उरली होती, आणि पाऱ्याची म्हणून जपून वापरायला सांगितलं होतं. ती ७ सेंटीमीटर भरली. पण वजनाने भागतोच ना आपण?

---

जुना_डेमॉन्स्ट्रेटर | १३ जानेवारी, रात्री ९:२५

सापडलं.

नीट ऐक. नळीचं खालचं टोक चुंबकाच्या दोन ध्रुवांच्या बरोबर मध्ये लोंबतं. वरचं टोक क्षेत्राच्या बाहेर. पावडरीला जी ओढ लागते ती क्षेत्र खालून वर जसं पातळ होत जातं तेवढ्याच भागात. वर जिथे क्षेत्र जवळजवळ संपलंय, तिथे आणखी तीन सेंटीमीटर पावडर घातलीस तर ओढ वाढत नाही. वजन मात्र वाढतं. आणि तू त्या वाढलेल्या वजनाने भागलंस.

सात भागिले दहा, म्हणजे ०.७. तुझ्या २३.४ ला ०.७ ने भाग, ३३.४ येतात. वर्गमुळात गेलं की ५.९ चे ७.० होतात.

वजनाने भागणं बरोबर आहे, पण दोन्ही वेळा उंची तीच असेल तरच. म्हणून नळीवर एकच खूण करायची आणि ती दोघांनी पाळायची. आणि पावडर एकदम ओतायची नाही. चिमूटभर घालायची, लाकडी पाटावर नळी हलक्या हाताने आपटायची, पुन्हा चिमूटभर. पोकळी राहिली तर नळी एका बाजूला झुकते आणि ध्रुवाला चिकटायला बघते.

तुझा घोळ अवघड होता कारण ५.९ हा आकडा फार शहाणा दिसतो. ५.३ आला असता तर तू पहिल्याच दिवशी नळीकडे बघितलं असतंस.

---

शंकेखोर | १३ जानेवारी, रात्री ९:५०

काका, दंडवत. माझी शंका मागे घेतो.

पण एक नवीन विचारतो. आता ७.० आलं, तरी वर म्हटलंय की खोलीच्या तापमानाला दोन धातू सुटे असल्यासारखेच दिसतात. मग ७.० वरून थर झाल्याचं सिद्ध कसं होणार?

---

डीबी_पुणे | १४ जानेवारी, सकाळी १०:१०

होत नाही. तुमचा मुद्दा एकदम बरोबर, आणि हा मुद्दा प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेत नक्की येणार. खोलीच्या तापमानाचा मोमेंट एवढंच सांगतो की धातू त्या भारात आणि त्या प्रमाणात आहेत. थराची साक्ष आयआर आणि पावडर एक्स-रे देतात. स्पिन एका दिशेला लागतात का, हे फक्त थंडीत कळतं. द्रव नायट्रोजनच्या ७७ केल्विनलाही भागत नाही, तिथे काय-टी जरा वर चढलेला दिसेल इतकंच. ६ केल्विनसाठी हेलियमच लागतं.

थर आणि त्रिमिती जाळी यांतली निवडही मजेशीर आहे. तीन ऑक्सलेट धरलेला धातू तीन पात्यांच्या पंख्यासारखा असतो, डावा किंवा उजवा. शेजारी-शेजारी डावा-उजवा आलटून-पालटून आले तर सपाट थर होतो. सगळे एकाच हाताचे आले तर जाळी तिसऱ्या दिशेला वळते आणि त्रिमिती होते. कुठलं होणार हे मधला धन आयन ठरवतो. टेट्राब्युटिलअमोनियमबरोबर थर, रुथेनियमच्या ट्रिसबायपिरिडीनसारख्या पंखेदार आयनाबरोबर त्रिमिती.

आणि हा मधला आयन बदलून थरांतलं अंतर कमी-जास्त केलं तरी चुंबकीय तापमान फारसं हलत नाही, कारण खरी ओढ थराच्या आत आहे. याच मोकळीकीचा फायदा घेऊन स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या कोरोनादो यांच्या गटाने २००० साली मँगनीज-क्रोमियमच्या थरांमध्ये वीज वाहणारे सेंद्रिय रेणू बसवले. एकाच स्फटिकात एक थर चुंबक, पुढचा थर धातूसारखा वाहक. चुंबकीय तापमान साडेपाच केल्विन, म्हणजे मूळच्या जवळपासच.

ताई, नमुना पाठवलात तर आमच्या गाइड सरांना विचारून स्क्विडवर (अतिथंडीत चुंबकत्व मोजणाऱ्या यंत्रावर) लावतो. ३० मिलिग्रॅम पुष्कळ झाले.

---

सातपूर_क्यूसी | १४ जानेवारी, रात्री १०:००

वाचून आनंद झाला. मी मँगनीज ऑक्सलेट म्हणालो ते ग्रॅमचा आकडा न बघता म्हणालो.

एक कळकळीची विनंती. डायक्रोमेटची धुवण बेसिनमध्ये ओतू नका. सहा-भाराचा क्रोमियम कर्करोगकारक आहे. आम्ही कारखान्यात आधी आम्लात बायसल्फाइटने तो तीन-भाराचा करतो, मग चुन्याने हिरवट गाळ बसवतो आणि गाळ वेगळा सुपूर्त करतो. कॉलेजात प्रमाण कमी असेल, पण रीत तीच. पाऱ्याची पावडर तर नळीतून परत बाटलीतच गेली पाहिजे. शेवटी आपल्या सगळ्या बेसिनांचं पाणी उतरतं गोदावरीकडेच.

---

गोदाकाठची | १५ जानेवारी, सायंकाळी ६:२०

काका, आज नळीवर ७ सेंटीमीटरला बारीक खूण केली. दोन्ही पावडरी तिथपर्यंत, चिमूट-चिमूट, पाटावर आपटत. ग्रॅममागे ३३.५, मोमेंट ७.०. हात थरथरत होते गणित करताना.

सातपूरच्या दादांसाठी: डायक्रोमेटची धुवण वेगळ्या कॅनमध्ये ठेवली आहे. आमच्या लॅब असिस्टंट मावशींना बायसल्फाइटची रीत दाखवली, त्या म्हणाल्या पुढच्या बॅचलाही असंच करायला लावू. पाऱ्याची पावडर बाटलीत परत गेली.

पुण्याच्या दादा, ५० मिलिग्रॅम छोट्या कुपीत भरून पॅराफिल्म लावली आहे, उद्या कुरिअर करते. वरती तारीख आणि बॅच नंबर घातला आहे.

---

बागाईतदार_पिंपळगाव | १६ जानेवारी, पहाटे ५:१०

ताई, अभिनंदन! मोरचूद दोनदा स्फटिकीकरण करून ठेवलंय. शाळेतल्या पोरांना निळे खडे दाखवले, त्यांना गोष्ट सांगितली. एक शंका राहिली: लोखंड-लोखंड अशी जोडी केली तर? म्हणजे क्रोमियमही काढून टाकायचा.

---

डीबी_पुणे | १६ जानेवारी, दुपारी २:३०

दादा, शेकोटीजवळ बसून तुम्ही या विषयातल्या सगळ्यात विलक्षण संयुगावर बोट ठेवलंत.

दोन-भाराचं आणि तीन-भाराचं लोखंड एकाच थरात. तिथे स्पिन विरुद्ध दिशेला लागतात, तापमान चांगलं ४५ केल्विनच्या आसपास जातं. एका बाजूला चार एकटे इलेक्ट्रॉन, दुसऱ्या बाजूला पाच. गार करत गेलं की चारवाली बाजू आधी भराभर शिस्तीत येते, त्यामुळे सुरुवातीला तिची सरशी. पाचवाली बाजू सावकाश येते, पण शेवटी ती मोठी. मध्ये एका तापमानाला दोघींची बरोबरी होऊन चुंबकत्व शून्य, आणि त्याखाली बेरजेची दिशाच उलटते. कमी क्षेत्रात ठेवलेला नमुना त्या क्षेत्राच्याच विरुद्ध चुंबकित दिसतो. असे वक्र येऊ शकतात हे लुई नेएल यांनी फार आधी कागदावर मांडलं होतं, त्यांना १९७० चं नोबेल मिळालं.

करायला मात्र नाजूक. तीन-भाराचं लोखंड क्रोमियमसारखं आपले ऑक्सलेट घट्ट धरून बसत नाही. क्रोमियम आपले ऑक्सलेट सहज सोडत नाही, म्हणून मँगनीज आलं तरी शाबूत राहतो. लोखंड पटकन सोडतं, आणि मग पिवळं फेरस ऑक्सलेट खाली बसतं. शिवाय फेरीऑक्सलेट उजेडात फुटतं. हिरव्या स्फटिकांच्या बाटलीला काळा कागद गुंडाळायला लावायचे ते आठवत असेल. अंधारात, गार, हवेपासून दूर.

---

गोदाकाठची | २४ मार्च, रात्री ११:४०

धागा वर काढतेय. पुण्याहून आज फाईल आली.

३०० केल्विनला काय-टी ६.४. गार करत गेल्यावर हळूहळू वर. ५० च्या खाली चढण वाढते, आणि ६ केल्विन आलं की रेषा भिंतीसारखी उभी. २ केल्विनला छोटासा हिस्टेरेसिस लूप (क्षेत्र काढलं तरी थोडं चुंबकत्व उरतं त्याची खूण), अगदी बारीक, पण आहे. माझ्या बॅचला. त्या काळ्या खड्यांपासून केलेल्या पावडरीला.

काका, आलेख छापून घेतला आहे. रविवारी तुमच्या घरी यायचं म्हणते, तुम्हाला दाखवल्याशिवाय रिपोर्टमध्ये चिकटवणार नाही.

---

जुना_डेमॉन्स्ट्रेटर | २५ मार्च, सकाळी ६:१५

ये. सकाळी नऊनंतर कधीही. काकूंना सांगून ठेवलंय. वही पण आण, ५.९ वालं पान फाडलं नाहीस ना? तेच आधी बघू.